पूर, आराखडा आणि आकृती
लिखित आपत्ती आराखड्यांचे कृती-आकृतीत आपोआप रूपांतर : कृष्णाकाठच्या संदर्भात

सांगलीत १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पाणीपातळी मोजली जाते. पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेले की धोका पातळी, हे सांगलीतील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २००५ च्या महापुरात ही पातळी ५३ फुटांच्या पुढे गेली, २०१९ मध्ये तिने ५७ फूट ओलांडले, तर २०२१ च्या जुलैत ती पुन्हा ५५ फुटांच्या जवळ पोहोचली. पाणी किती फुटांवर आहे, याचे उत्तर पट्टी देते. मात्र त्या फुटाला कोणी, कोणाला विचारून, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर काय करायचे, याचे उत्तर जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात शोधावे लागते. हा आराखडा शेकडो पानांचा असतो आणि पूर बहुधा त्याची पाने उलटण्याइतका वेळ देत नाही.

या अडचणीवर संगणकशास्त्राने सुचविलेला एक मार्ग म्हणजे लिखित आराखड्याचे ‘प्रक्रिया प्रारूपात’, म्हणजेच कृतींचा क्रम, त्या करणारी माणसे आणि निर्णयाचे टप्पे दाखविणाऱ्या आकृतीत, आपोआप रूपांतर करणे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवला, तर या तंत्राचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

आराखड्यांची पूर्वपीठिका

कृष्णाकाठाला आपत्ती नव्या नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसरात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यात सुमारे पावणेदोनशे माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळी जिल्हा पातळीवर आपत्तीचा सर्वंकष लिखित आराखडा ही कल्पना रुजलेली नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतर महाराष्ट्रात ती रुजली. भूकंप पुनर्वसन कार्यक्रमाच्या बरोबरीने राज्याचा आणि जिल्ह्यांचा बहुआपत्ती आराखडा तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले आणि पुण्याच्या यशदा संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे केंद्र सुरू झाले.

२००५ हे वर्ष या दोन्ही जिल्ह्यांसाठी कसोटीचे ठरले. २५ जानेवारी रोजी वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविकांचा बळी गेला. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा आणि तिच्या उपनद्यांना महापूर आला. वर्ष संपता संपता, डिसेंबर २००५ मध्ये, देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा अस्तित्वात आला. या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते. प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असणे आणि त्याचा दरवर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत करणे कलम ३१ नुसार बंधनकारक आहे. प्रतिसादाची कार्यपद्धती, जबाबदाऱ्यांची वाटणी, दळणवळणाची व्यवस्था आणि लोकांपर्यंत माहिती पोहोचविण्याची पद्धत, या सर्व गोष्टी आराखड्यात असाव्यात अशी कायद्याची अपेक्षा आहे. त्यात २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याची भर पडली. अस्तित्वात असलेल्या धरणांसाठी, कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत, धरणाच्या मालकाने आपत्कालीन कृती आराखडा तयार करावा, अशी तरतूद त्यात आहे.

म्हणजे आराखड्यांची वाण नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या स्वरूपाचा. नदीची माहिती, पर्जन्यमानाचे तक्ते, पूरप्रवण गावांची यादी, बोटींची संख्या, दूरध्वनी क्रमांक आणि अधिकाऱ्यांची कर्तव्ये हे सारे एकाच ग्रंथात असते. संदर्भासाठी असा ग्रंथ उत्तम; परंतु मध्यरात्री निर्णय घेणाऱ्याला त्यातील नेमके चार ओळींचे काम हवे असते. शिवाय एका अधिकाऱ्याचे कर्तव्य एका प्रकरणात, त्यासाठी लागणारी परवानगी दुसऱ्या प्रकरणात आणि साधनांची यादी परिशिष्टात, अशी विखुरलेली रचना असली की त्या तिघांचा मेळ वाचणाऱ्याला स्वतःच घालावा लागतो.

प्रक्रिया प्रारूप म्हणजे काय?

कामाचा क्रम चित्राने दाखविण्याची पद्धत जुनी आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रवाह-आकृती परिचित असते. १९६२ मध्ये जर्मनीतील कार्ल आडाम पेत्री यांनी आपल्या प्रबंधात, एकाच वेळी चालणाऱ्या आणि परस्परांची वाट पाहणाऱ्या क्रिया गणिती पद्धतीने मांडण्याचा पाया घातला. ती मांडणी ‘पेत्री जाळे’ या नावाने ओळखली जाते. पुढे उद्योग आणि कार्यालयांच्या गरजेतून ‘बीपीएमएन’ ही चिन्हपद्धती २००४ मध्ये पुढे आली. तिची दुसरी आवृत्ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

या पद्धतीत वर्तुळ म्हणजे घटना, गोलसर कोपऱ्यांची चौकट म्हणजे काम आणि चौकोनी हिरा म्हणजे निर्णयाचा किंवा वाटा फुटण्याचा टप्पा. प्रत्येक अधिकाऱ्याला किंवा खात्याला आकृतीत स्वतंत्र पट्टा मिळतो आणि त्याने करावयाची कामे त्याच पट्ट्यात येतात. दोन स्वतंत्र संस्थांमधील निरोप तुटक बाणाने दाखविला जातो. अशा आकृतीचा मोठा गुण हा की ती माणसाला वाचता येते आणि यंत्रालाही. संगणक तिच्यावरून काम कोठवर आले हे दाखवू शकतो, पुढच्या माणसाला सूचना पाठवू शकतो आणि आकृतीतच दोष असल्यास तो आधीच उघड करू शकतो.

एक नदी, अनेक पट्टे

कृष्णेच्या पुराची साखळी या चिन्हांत मांडून पाहण्यासारखी आहे. १०५.२५ टीएमसी साठवणक्षमतेच्या कोयना धरणातून पायथा वीजगृहामार्फत सोडले जाणारे २१०० क्युसेक पाणी आणि सहा वक्र दरवाजांतून होणारा विसर्ग कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतो. त्याआधी धोम धरणाचे पाणी कृष्णेतून आणि कण्हेरचे वेण्णेतून आलेले असते. उरमोडी आणि तारळी यांचीही भर पडते. सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा येऊन मिळते. त्याखाली नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते आणि तिचा पूर मोठा असेल तर वरचे पाणी तुंबते. पुढे कर्नाटकात हिप्परगी बंधारा आणि अलमट्टी धरण आहे.

नदी एकच असली, तरी आराखडे मात्र जिल्ह्याच्या सीमेवर थांबतात. साताऱ्याच्या आकृतीतील ‘विसर्ग वाढविला’ हा एका कामाचा शेवट असतो. सांगलीच्या आकृतीत तीच आरंभीची घटना असते. या दोन वर्तुळांना जोडणारा तुटक बाण, म्हणजेच निरोप, कोण पाठवितो, कोण स्वीकारतो आणि तो पोहोचल्याची खात्री कोण करतो, हे दोन वेगवेगळ्या ग्रंथांत विभागलेले असते. दोन्ही आराखडे आपापल्या जागी निर्दोष असूनही त्यांच्यामधील सांधा सैल राहू शकतो. आकृती काढली की हा सांधा डोळ्यांना दिसतो, कारण बाणाच्या टोकाला पट्टा नसेल तर तो बाण काढताच येत नाही. धरणांतील पाण्याचा आणि नदीच्या पातळीचा तत्काळ अंदाज देणारी यंत्रणा जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी उभारण्यात आली. माहिती मिळण्याचा वेग त्यामुळे वाढला, परंतु माहिती मिळाल्यावर करावयाच्या कामांची साखळी अजूनही प्रामुख्याने गद्य मजकुरातच बांधलेली असते.

मजकुरातून आकृती कशी निघते?

हे रूपांतर हाताने करता येते. पण त्याला जाणकार माणसे आणि बराच वेळ लागतो. शिवाय आराखडा दरवर्षी बदलतो. म्हणून हे काम संगणकाकडून करून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले. २०११ मध्ये फ्रीडरिश, मेंडलिंग आणि पुलमन या तिघा संशोधकांनी प्रसिद्ध केलेली पद्धत या क्षेत्रात पायाभूत मानली जाते. त्यांनी ४७ इंग्रजी मजकुरांवर ती तपासली, तेव्हा यंत्राने काढलेल्या आणि माणसांनी काढलेल्या आकृत्यांत सरासरी सुमारे ७७ टक्के साम्य आढळले.

अशा पद्धतीचे टप्पे साधारणतः पुढीलप्रमाणे असतात. प्रथम मजकुराची वाक्ये सुटी केली जातात आणि प्रत्येक वाक्याचे व्याकरण उलगडले जाते. त्यातून कर्ता, क्रियापद आणि कर्म वेगळे काढून ‘कोणी, काय, कशावर’ अशी त्रिके तयार होतात. दुसऱ्या टप्प्यात ‘तो’, ‘त्यांनी’, ‘सदर अधिकारी’ अशा शब्दांचा मूळ व्यक्तीशी संबंध जोडला जातो. तिसऱ्या टप्प्यात ‘जर’, ‘अन्यथा’, ‘त्याच वेळी’, ‘तोपर्यंत’ यांसारखे खुणेचे शब्द शोधून निर्णय, समांतर वाटा आणि पुनरावृत्ती ठरविल्या जातात. शेवटी हे तुकडे जोडून आकृती उभी राहते. २०२२ नंतर सर्वांच्या हाती आलेल्या मोठ्या भाषा-प्रारूपांमुळे हे सर्व टप्पे एकाच दमात करून घेणे शक्य झाले आहे. मराठीपुरते बोलायचे तर मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला मराठी शब्दबंध आणि पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ गटाने २०२२ मध्ये खुले केलेले ‘महाबर्ट’ प्रारूप यांसारखी साधने उपलब्ध आहेत. तथापि ती सर्वसाधारण भाषेसाठी आहेत; आपत्ती आराखड्यांची मराठी ही स्वतंत्र बोलीच म्हणावी अशी आहे.

शासकीय मराठीची परीक्षा

पहिली अडचण अक्षरांचीच येते. अनेक जुने दस्तऐवज युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले किंवा कागदावरून स्कॅन केलेले असतात. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते. पण संगणकाच्या दृष्टीने ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग किंवा नुसते छायाचित्र असते. हा अडथळा ओलांडला की भाषेची खरी परीक्षा सुरू होते. अशा आराखड्यांच्या धाटणीचे, केवळ उदाहरणादाखल रचलेले एक वाक्य पाहू :

‘विसर्ग वाढविण्यात येणार असल्याचे कळताच तहसीलदारांनी नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा देऊन, पाणीपातळीत वाढ झाल्यास सखल भागातील कुटुंबांचे स्थलांतर करण्यात यावे व त्यांच्या निवासाची व्यवस्था करण्यात यावी.’

वाचताना हे वाक्य पूर्ण वाटते. आकृती काढू लागताच प्रश्नांची रांग लागते. विसर्ग वाढणार हे कोणाकडून कळायचे? पाणीपातळीत वाढ म्हणजे कोणत्या पुलाजवळ आणि किती फूट? इशारा तहसीलदार देतील. पण स्थलांतर ‘करण्यात यावे’ म्हणजे कोणी करावे? कर्मणी प्रयोगाने कर्ता वाक्यातून निघून गेला आहे आणि आकृतीत कामाची चौकट ठेवायला पट्टाच उरलेला नाही. सर्वांत गंभीर प्रश्न क्रमाचा आहे. निवासाची व्यवस्था वाक्यात शेवटी आली असली, तरी प्रत्यक्षात ती स्थलांतराच्या आधी व्हावी लागते. शाळेची किल्ली मिळालेली नसताना माणसे ट्रॅक्टरमधून उतरवायची कोठे? मजकुराच्या क्रमाने चालणारे यंत्र येथे हमखास चुकीची आकृती काढते.

मराठीची काही वैशिष्ट्ये मात्र यंत्राला साहाय्यकारी आहेत. ‘पाहणी करून, यादी तयार करून, अहवाल सादर करावा’ या रचनेतील ‘ऊन’ प्रत्ययाने क्रम आपोआप कळतो. पण हाच प्रत्यय ‘समन्वय साधून’ किंवा ‘दक्षता घेऊन’ येथे क्रम न दाखविता रीत दाखवितो. पहिल्या प्रकारातून कामाची चौकट निघायला हवी, दुसऱ्यातून निघता कामा नये. आदरार्थी बहुवचन हा आणखी एक पेच आहे. ‘तहसीलदारांनी गटविकास अधिकाऱ्यांना कळवावे व त्यांनी पथक पाठवावे’ या वाक्यात पथक कोणी पाठवायचे, हे व्याकरण सांगत नाही. सांगते ती कार्यालयीन परंपरा. पदनामेही बदलतात. २०२४ मध्ये तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी हे नाव मिळाले. आराखड्याच्या एका प्रकरणात जुने आणि दुसऱ्यात नवे नाव राहिले, तर यंत्र एकाच माणसाचे दोन पट्टे काढते आणि कागदावर मनुष्यबळ दुप्पट होते.

‘आवश्यकतेनुसार’, ‘तात्काळ’, ‘यथोचित कार्यवाही’, ‘संबंधितांनी’ हे शब्द तर आकृतीत बसतच नाहीत. हिऱ्याच्या चिन्हाला अट हवी असते आणि ‘आवश्यकतेनुसार’ ही अट नसून अट ठरविण्याचे काम पुढे ढकलणे असते. येथे यंत्र अडखळते, तेव्हा दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. पुरात अडखळणाऱ्या कर्मचाऱ्यालाही नेमका तोच शब्द अडवितो.

आकृतीने उघड होणारे दोष

म्हणूनच या रूपांतराचा खरा लाभ आकृती हाती येण्याइतकाच, ती काढताना सापडणाऱ्या उणिवांत आहे. नेदरलँड्सचे विल व्हान डर आल्स्ट यांनी १९९० च्या दशकात प्रक्रिया प्रारूपांच्या ‘सुदृढते’ची कसोटी मांडली. तिचा आशय सोपा आहे : कोणत्याही टप्प्यावरून प्रक्रिया शेवटापर्यंत जाऊ शकली पाहिजे, शेवट झाल्यावर कोणतेही काम मागे लोंबकळत राहता कामा नये आणि कधीच पोहोचता येणार नाही असे काम आकृतीत असू नये. ही तपासणी संगणक काही क्षणांत करू शकतो. दोन अधिकारी परस्परांच्या अहवालाची वाट पाहत बसले आहेत, एखाद्या निर्णयाला ‘होय’ची वाट आहे पण ‘नाही’ची नाही, किंवा एकाच माणसाच्या पट्ट्यात एकाच वेळी पंचनामा, दवंडी, स्थलांतर आणि नियंत्रण कक्षाला तासातासाचा निरोप अशी चार कामे आली आहेत, हे सारे पाऊस पडण्यापूर्वीच दिसू शकते.

या उणिवांची किंमत कृष्णाकाठाने मोजली आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढताना क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसलेली नाव उलटली आणि महिला व लहान मुलांसह अनेकांना प्राण गमवावे लागले. बोट उपलब्ध असणे ही आराखड्यातील परिशिष्टाची बाब झाली. नावेत किती माणसे बसवायची, जीवरक्षक जाकिटाशिवाय ती सोडायची की नाही, पहिली फेरी कोणाची आणि पुढची नाव केव्हा येणार, या लहान लहान निर्णयांची साखळी हा प्रक्रियेचा भाग असतो. ती साखळी स्पष्ट नसेल तर घाबरलेला जमाव स्वतःच निर्णय घेतो.

जुलै २०२१ ची आपत्ती आणखी वेगळ्या प्रकारची होती. महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वस्त्यांवर डोंगर कोसळले. पुराच्या आकृतीला आरंभाची खूण आयर्विन पुलाची पट्टी देते. दरडीच्या आकृतीला अशी पट्टी नसते. पावसाचे मोजमाप, डोंगराला पडलेल्या भेगा, झऱ्याचे अचानक गढूळ झालेले पाणी, गावकऱ्यांचा फोन, यांपैकी कशाने प्रक्रिया सुरू व्हावी, हे आधी ठरवावे लागते. आरंभाची घटना नसलेली आकृती चालूच होत नाही. हा रिकामा वर्तुळाचा ठिपका पाहून तरी तो प्रश्न बैठकीत विचारला जाऊ शकतो.

मर्यादा आणि सावधगिरी

एवढे असूनही यंत्राने काढलेली आकृती तशीच वापरात आणणे धोक्याचे आहे. ७७ टक्के साम्य हे प्रयोगशाळेत समाधानकारक असेल. परंतु उरलेल्या २३ टक्क्यांत एखाद्या गावाचा इशारा असू शकतो. मोठी भाषा-प्रारूपे तर आणखी एका कारणाने जपून वापरावी लागतात. मजकुरात कर्ता नसेल तर जुनी पद्धत चौकट रिकामी ठेवते, तर नवे प्रारूप तेथे शोभेलसा अधिकारी स्वतःच भरून मोकळे होते. उणीव झाकली जाते आणि आकृती खोटीच पूर्ण दिसते. म्हणून प्रत्येक चौकटीसमोर ती आराखड्याच्या कोणत्या पानावरील कोणत्या वाक्यातून आली, याची नोंद असणे आणि जेथे वाक्य नाही तेथे ठळक प्रश्नचिन्ह असणे, ही पहिली अट मानली पाहिजे. कायदेशीर आधार मूळ मजकुरालाच असतो. आकृती हे त्याचे वाचन आहे, त्याची जागा घेणारा आदेश नव्हे.

दुसरी मर्यादा प्रत्यक्ष परिस्थितीची आहे. महापुरात वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात, रस्ते तुटतात. संगणकावर चालणारी सुबक आकृती त्या वेळी अंधारात जाते. म्हणून प्रत्येक पट्ट्याची एक पानाची छापील प्रत त्या त्या कर्मचाऱ्याच्या हाती असणे आवश्यक ठरते. तिसरी मर्यादा अलिखित ज्ञानाची. कोणत्या ओढ्याचे पाणी आधी गावात शिरते, कोणती कुटुंबे जनावरे सोडून बाहेर पडायला तयार होत नाहीत, पहाटे दोन वाजता कोणाला उठविले तर ट्रॅक्टर मिळतो, हे आराखड्यात नसते. ते पोलीस पाटलाला आणि नावाड्याला माहीत असते. जे लिहिलेलेच नाही ते यंत्र वाचू शकत नाही. जनावरांच्या चाऱ्याची आणि निवाऱ्याची सोय आकृतीत नसेल, तर माणसांच्या स्थलांतराची वाट तेथेच अडते, हा नदीकाठचा जुना अनुभव आहे.

यावरून कामाची एक व्यवहार्य रीत पुढे येते. उन्हाळ्यात आराखड्याचा वार्षिक आढावा होतो, त्या सुमारास यंत्राने मजकुरावरून कच्ची आकृती काढावी. तालुका पातळीवर महसूल, पोलीस, जलसंपदा, आरोग्य खाते आणि गावकरी यांनी एकत्र बसून ती तपासावी. सापडलेल्या उणिवा आकृतीत बुजविण्याऐवजी आराखड्याच्या मजकुरातच दुरुस्त कराव्यात. आणि सुधारलेल्या मजकुरावरून आकृती पुन्हा काढावी. ‘करण्यात यावे’ या जागी ‘मंडळ अधिकाऱ्यांनी करावे’ आणि ‘पाणी वाढल्यास’ या जागी ‘आयर्विन पुलाजवळ पातळी अमुक फूट झाल्यास’ असे लिहिले गेले, तर निम्मे काम आकृतीशिवायच साधते. सातारा आणि सांगलीच्या आकृत्या शेजारी शेजारी ठेवून मधले बाण जुळविणे ही त्यापुढची पायरी. कोल्हापूर आणि कर्नाटकातील खालच्या भागापर्यंत ती नेता आली, तर कागदावर का होईना, कृष्णा पुन्हा एकसंध होईल.

आराखडा लिहिणारा आणि पुरात उतरणारा ही माणसे बहुधा वेगळी असतात. पहिल्याच्या वाक्यातून दुसऱ्याच्या हाताला नेमके काम मिळाले की नाही, एवढीच या साऱ्या खटाटोपाची कसोटी आहे. पावसाळ्याच्या आधी ती लावता येते. पाणी ४० फुटांवर गेल्यावर त्यासाठी वेळ उरत नाही.